अमेरिकेचा ब्लूज आणि पश्चिम आफ्रिकेची गिटार: हे नातं नेमकं काय आहे?

यूट्यूबवर दोन गाणी एकापाठोपाठ एक लावून बघा.

पहिलं, जॉन ली हुकर यांचं 'बूगी चिलन'. १९४८ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात रेकॉर्ड झालेलं. एक माणूस, एक इलेक्ट्रिक गिटार आणि जमिनीवर आपटणाऱ्या बुटाचा ठेका. दुसरं, पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे अली फर्का तूरे यांचं 'अमांद्राई'. भाषा वेगळी, खंड वेगळा, मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. तरी ऐकताना वाटतं की ही दोन माणसं एकाच अंगणात वाढली असावीत.

हे साम्य अनेकांच्या लक्षात आलं आहे. 'ब्लूजचा जन्म मालीत झाला' असं वाक्य अल्बमच्या जाहिरातींमध्ये, माहितीपटांमध्ये आणि सोशल मीडियावर सर्रास दिसतं. त्यात तथ्य आहे. पण गोष्ट इतकी सरळ नाही. कारण आफ्रिकेतून सूर अमेरिकेत गेले तसे अमेरिकेतून रेकॉर्ड आफ्रिकेत आल्या. मग कोणी कोणाकडून काय घेतलं?

समजून घेऊया.

ब्लूज म्हणजे काय?

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमधल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. १८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतरच्या तीन-चार दशकांत, साधारण १८९० ते १९०० च्या आसपास, मिसिसिपी, टेक्सस अशा भागांत हा प्रकार आकाराला आला. कापसाच्या शेतात राबणारे मजूर, रेल्वेमार्ग आणि नदीचे बांध घालणारे कामगार, गावोगाव फिरणारे गवई हे त्याचे पहिले कलाकार.

ब्लूजची ढोबळ रचना अशी असते: एक ओळ म्हणायची, तीच ओळ पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. गायकाने ओळ संपवली की गिटार तिला जबाब देते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'ब्लू नोट्स'. आपल्या भाषेत सांगायचं तर यातले गंधार आणि निषाद धड शुद्धही नसतात आणि धड कोमलही नसतात. ते मध्येच कुठेतरी डोलत राहतात. पियानोच्या पट्ट्यांवर हे स्वर सापडत नाहीत. गळ्यात आणि गिटारच्या तारेवर मात्र सापडतात.

डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने १९०३ च्या सुमाराचा एक अनुभव आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या छोट्या स्टेशनवर रात्री गाडीची वाट बघत असताना एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गात होता. असं विचित्र संगीत आपण कधी ऐकलं नव्हतं, असं हँडी यांनी नोंदवलं आहे. पुढे १९१२ मध्ये हँडी यांनी 'मेम्फिस ब्लूज' छापून प्रसिद्ध केलं. १९२० मध्ये मॅमी स्मिथ यांच्या 'क्रेझी ब्लूज' या रेकॉर्डची प्रचंड विक्री झाली आणि रेकॉर्ड कंपन्यांना कळलं की कृष्णवर्णीय गायकांच्या गाण्यांना मोठी बाजारपेठ आहे.

म्हणजे ब्लूज अमेरिकेत जन्मला, यात वाद नाही. प्रश्न असा आहे की ज्यांनी तो जन्माला घातला ते सोबत काय घेऊन आले होते?

आफ्रिकेतून अमेरिकेत काय पोहोचलं?

अटलांटिकवरच्या गुलामांच्या व्यापारात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांवर चढवण्यात आलं. त्यातली साधारण १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. बहुतेकांना ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर नेलं गेलं. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आणलेल्यांची संख्या त्या मानाने कमी, चार लाखांच्या आत आहे.

या चार लाखांमध्ये जवळपास पाव हिस्सा सेनेगांबियातून आला होता. सेनेगांबिया म्हणजे आजचे सेनेगल, गांबिया आणि आसपासचा प्रदेश. मालीच्या अंतर्भागात पकडलेल्या अनेकांनाही इथल्याच बंदरांतून जहाजावर चढवलं जाई. जवळपास तेवढेच लोक काँगो-अंगोलाच्या किनाऱ्यावरून आले. उरलेले आजच्या घाना, नायजेरिया, सिएरा लिओन अशा भागांतून.

हा तपशील संगीतासाठी का महत्त्वाचा आहे? कारण पश्चिम आफ्रिकेत संगीताचे दोन ठळक पट्टे आहेत. किनाऱ्याजवळच्या दाट जंगलाच्या भागात ढोलांचं राज्य आहे. त्याच्या उत्तरेला, सहारा वाळवंटाच्या कडेने पसरलेल्या कोरड्या गवताळ पट्ट्यात तंतुवाद्यांचं. इथे 'ग्रिओ' नावाचा समाज पिढ्यानपिढ्या राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या कथा गाऊन सांगत आला. आपल्याकडच्या भाटांची आठवण यावी असे हे लोक. त्यांच्या हातात न्गोनी हे छोटं तंतुवाद्य किंवा २१ तारांचा कोरा असतो. या भागात इस्लाम शेकडो वर्षं रुजलेला असल्याने गाण्यात लांब, लहरत जाणाऱ्या ताना ऐकू येतात.

आता अमेरिकेतली एक घटना बघू. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी बंड केलं. बंडखोर ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि गुलामांना ढोल व शिंगं वाजवायला बंदी आली. ढोलांवरून दूरवर निरोप पाठवता येतात, ही मालकांची भीती होती. इतर ठिकाणीही ढोलांकडे संशयानेच बघितलं गेलं. तंतुवाद्यांवर मात्र तशी बंदी नव्हती. उलट मालकांच्या मेजवान्यांमध्ये वाजवायला वादक हवेच असत.

परिणामी क्युबा आणि ब्राझीलमध्ये आफ्रिकी ढोल टिकले. उत्तर अमेरिकेत तारांची परंपरा पुढे सरकली.

बँजोचा पुरावा

या प्रवासाचा सगळ्यात ठोस पुरावा म्हणजे बँजो. आज हे वाद्य म्हटलं की टोपी घातलेला गोरा अमेरिकी वादक डोळ्यांसमोर येतो. पण बँजो मुळात आफ्रिकी गुलामांनी कॅरिबियन आणि अमेरिकेत बनवलेलं वाद्य आहे. हॅन्स स्लोन या डॉक्टरने १६८० च्या दशकात जमैकामध्ये गुलामांच्या हातात अशी वाद्यं पाहिली आणि १७०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यांचं चित्र दिलं. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनीही हे वाद्य आफ्रिकेतून आल्याचं लिहून ठेवलं आहे.

सेनेगल-गांबियातल्या जोला समाजाचं अकोंटिंग हे वाद्य बघितलं तर नातं लगेच पटतं. भोपळ्याचं पोट, त्यावर ताणलेलं कातडं, लांब दांडा आणि तीन तारा. त्यातली एक तार आखूड असते आणि ती अंगठ्याने सतत छेडली जाते. बँजोलाही अशीच आखूड तार असते, आणि तीही अंगठ्यानेच वाजते. गांबियाचे संशोधक डॅनियल जट्टा यांनी हे साम्य जगासमोर आणलं.

एकोणिसाव्या शतकात गोऱ्या कलाकारांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे कार्यक्रम सुरू केले. त्यांना 'मिन्स्ट्रेल शो' म्हणत. बँजो हे या कार्यक्रमांचं मुख्य वाद्य बनलं. दुसरीकडे १८९० च्या दशकात टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमधून स्वस्त गिटार गावोगाव पोहोचू लागली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी हळूहळू बँजो खाली ठेवला आणि गिटार उचलली. वाद्य बदललं, पण तार छेडण्याची सवय आणि कानातले सूर तेच राहिले.

साम्य नेमकं कुठे ऐकू येतं?

नुसतं 'सारखं वाटतं' म्हणून भागत नाही. अभ्यासकांनी काही ठळक खुणा सांगितल्या आहेत. तुम्हीही त्या कानाने पडताळून बघू शकता.

पाच स्वर: मालीतल्या सोंघाय आणि बांबरा समाजाचं बरंचसं संगीत पाच स्वरांचं आहे. ब्लूजचा पायाही पाच स्वरांचाच. हे स्वर साधारणपणे आपल्या धानी रागातल्या सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद यांच्याशी जुळतात. अर्थात पाच स्वरांचं संगीत जगभर सापडतं, त्यामुळे ही खूण एकटी पुरेशी नाही.

एकाच जागी फिरत राहणं: युरोपीय पद्धतीच्या गाण्यात कॉर्ड बदलत जातात. हुकर यांच्या अनेक गाण्यांत मात्र एकच कॉर्ड शेवटपर्यंत चालतो. खालचा सूर घुमत राहतो आणि त्यावर छोटी छोटी सुरावट पुन्हा पुन्हा येते. न्गोनीवादनातही हेच होतं.

अंगठा आणि तर्जनी: अंगठ्याने खालच्या तारेवर ठेका धरायचा आणि तर्जनीने वर सुरावट वाजवायची. ही पद्धत दोन्हीकडे आहे.

खरखर: पश्चिम आफ्रिकेत अनेक वाद्यांना मुद्दाम पत्र्याचा तुकडा किंवा कड्या अडकवतात, म्हणजे सुरासोबत झणझणाट येतो. स्वच्छ, गुळगुळीत आवाज हा तिथे आदर्श नाही. ब्लूजमधला घोगरा गळा आणि बाटलीचा तुकडा तारेवर घासून काढलेला आवाज याच आवडीतून आलेला वाटतो.

एक तार: मिसिसिपीत गरीब घरातली मुलं भिंतीवर दोन खिळे ठोकून, झाडूची तार ताणून आणि खाली बाटली सरकवून वाद्य बनवत. त्याला 'डिडली बो' म्हणतात. अनेक ब्लूज वादकांची सुरुवात त्यावरच झाली. अली फर्का तूरे यांचं पहिलं वाद्यही एकतारीच होतं. त्याचं नाव जुर्केल.

गाणारा आणि उत्तर देणारा: एकाने हाक द्यायची आणि दुसऱ्याने साद द्यायची. आफ्रिकेत ही साद माणसं देतात. एकट्या ब्लूज गायकाला ती गिटार देते.

गिटार आफ्रिकेत कधी आली?

इथे गोष्टीला वळण मिळतं. आज आपण 'मालीची गिटार' म्हणून जे ऐकतो ते अमेरिकेत गेलेल्या गुलामांनी ऐकलेलं नव्हतं. कारण तेव्हा तिथे आजची गिटार नव्हतीच.

पश्चिम आफ्रिकेत गिटारचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. त्यात लायबेरियाच्या क्रू समाजाच्या खलाशांचा मोठा वाटा आहे. जहाजांवर काम करणाऱ्या या खलाशांनी दोन बोटांनी गिटार वाजवण्याची पद्धत बंदराबंदरांत नेली. ताडीच्या गुत्त्यांवर हे संगीत रंगायचं, म्हणून त्याला 'पाम वाइन' संगीत म्हणू लागले. १९२८ मध्ये कुमासी ट्रिओ या घानाच्या त्रिकुटाने लंडनमध्ये 'या आंपोन्सा' रेकॉर्ड केलं. घानाच्या हायलाइफ संगीताचा तो एक पाया मानला जातो. हे गोड, उड्या मारणारं संगीत ब्लूजसारखं वाटत नाही, हेही लक्षात घ्या. पश्चिम आफ्रिकेची गिटार म्हणजे फक्त माली नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५८ मध्ये गिनी आणि १९६० मध्ये माली फ्रान्सच्या राजवटीतून मुक्त झाले. नव्या सरकारांनी आपली संस्कृती उभी करण्यासाठी सरकारी खर्चाने वाद्यवृंद स्थापन केले. गिनीत 'बेंबेया जॅझ' गाजला. मालीची राजधानी बामाकोमध्ये १९७० साली स्टेशनच्या हॉटेलात 'रेल बँड' सुरू झाला. या बँडमधले अनेक वादक ग्रिओ घराण्यांतले होते. त्यांनी कोरा, न्गोनी आणि बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावरच्या जुन्या चाली जशाच्या तशा इलेक्ट्रिक गिटारवर आणल्या. सोबत क्युबाच्या संगीताचा प्रभाव होताच. क्युबाच्या रेकॉर्ड १९३० च्या दशकापासून आफ्रिकेत विकल्या जात होत्या. क्युबाच्या त्या संगीतातही आफ्रिकेतून गेलेले ताल होते.

अली फर्का तूरे कोण होते?

या सगळ्या चर्चेत एक नाव पुन्हा पुन्हा येतं. अली फर्का तूरे यांचा जन्म १९३९ मध्ये उत्तर मालीत झाला. नायजर नदीच्या काठचं नियाफुंके हे त्यांचं गाव. आईवडिलांच्या आधीच्या मुलांपैकी कोणीच जगलं नव्हतं. हे मूल चिवट निघालं म्हणून त्याला 'फर्का' म्हणजे गाढव असं टोपणनाव पडलं.

त्यांचं घराणं ग्रिओ नव्हतं. गाणंबजावणं हे आपलं काम नाही, असं मानणाऱ्या कुटुंबात त्यांनी जुर्केल, न्गोनी आणि न्जार्का हे एकतारी व्हायोलिन स्वतःहून आत्मसात केलं. १९५६ मध्ये गिनीच्या केइता फोदेबा यांचा कार्यक्रम पाहिल्यावर त्यांनी गिटार शिकायचं ठरवलं. १९६८ मध्ये बल्गेरियाची राजधानी सोफिया इथे एका महोत्सवाला गेले असताना त्यांनी स्वतःची पहिली गिटार विकत घेतली.

त्याच सुमारास बामाकोत एका मित्राकडे त्यांनी अमेरिकी रेकॉर्ड ऐकल्या. त्यात जॉन ली हुकर होते. हा माणूस आपल्याकडचंच संगीत वाजवतोय, ते तिकडे कसं पोहोचलं, असा प्रश्न पडल्याचं ते पुढे मुलाखतींमध्ये सांगत. त्यांना 'आफ्रिकेचे जॉन ली हुकर' म्हटलेलं मुळीच आवडत नसे. ज्याला जग ब्लूज म्हणतं ते आमच्याच झाडाला फुटलेल्या फांद्या आहेत, खोड आणि मूळ इथे आहे, अशी त्यांची भूमिका होती.

१९७० च्या दशकात ते रेडिओ मालीमध्ये साउंड इंजिनिअर होते. लंडनच्या 'वर्ल्ड सर्किट' कंपनीने १९८७ मध्ये त्यांचा अल्बम काढल्यावर पाश्चात्त्य श्रोत्यांना त्यांची ओळख झाली. १९९४ मध्ये अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासोबतचा 'टॉकिंग टिंबक्टू' आला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. भारतीय वाचकांना कूडर यांचं नाव ओळखीचं वाटू शकतं. त्याच्या आदल्याच वर्षी मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट यांच्यासोबत 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या अल्बमसाठी ग्रॅमी जिंकणारे ते हेच.

प्रसिद्धी मिळाल्यावरही तूरे स्वतःला आधी शेतकरी म्हणवत. पैसा त्यांनी गावच्या शेतीत घातला. १९९९ चा 'नियाफुंके' हा अल्बम रेकॉर्ड करायला कंपनीला जनरेटर घेऊन त्यांच्या गावी जावं लागलं. २००४ मध्ये ते नियाफुंकेचे महापौर झाले. मार्च २००६ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग खरं काय? आई-मुलगी की चुलत बहिणी?

तूरे यांचा दावा मनाला भिडतो. पण अभ्यासक थोडं सावध बोलतात. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, तूरे यांनी स्वतःची शैली घडवली ती विसाव्या शतकात आणि इलेक्ट्रिक गिटारवर. त्यांनी अमेरिकी रेकॉर्ड ऐकल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या गिटारमधला नेमका कोणता सूर गावच्या जुर्केलचा आणि कोणता हुकरच्या रेकॉर्डवरचा, हे वेगळं करणं अवघड आहे. मूळ ऐकायचं असेल तर गिटारपेक्षा न्गोनी आणि जुर्केलकडे जाणं जास्त योग्य.

दुसरं, ब्लूजचं मूळ एकाच गावात किंवा देशात नाही. ऑस्ट्रियाचे संगीत-अभ्यासक गेरहार्ड कुबिक यांनी 'आफ्रिका अँड द ब्लूज' या १९९९ च्या पुस्तकात सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंतच्या संपूर्ण गवताळ पट्ट्याकडे बोट दाखवलं आहे. १९६४ मध्ये कॅमेरूनमध्ये धान्य दळताना गाणाऱ्या एका बाईचं गाणं त्यांनी रेकॉर्ड केलं होतं. त्याची तुलना त्यांनी मिसिसिपीच्या एका गायिकेच्या १९३६ च्या ब्लूज रेकॉर्डशी केली. जात्यावरच्या ओव्यांसारखं एकटीचं गाणं, कष्ट आणि मनातली सल. तिथे गिटारही नव्हती आणि मालीही नव्हतं, तरी दोन्ही गाण्यांत जवळचं नातं दिसतं.

तिसरं, ब्लूजमध्ये आफ्रिकेबाहेरचंही बरंच आहे. बारा खंडांचं आवर्तन आणि तीन कॉर्डची चौकट युरोपीय पद्धतीची. चर्चमधली भजनं, इंग्लंड-स्कॉटलंडमधून आलेली कथागीतं आणि हवाई बेटांवरची सरकत्या स्वरांची गिटार यांचाही वाटा आहे. मुख्य म्हणजे दोनशेहून जास्त वर्षांची गुलामगिरी, त्यानंतरचा वंशभेद, तुरुंगातली सक्तमजुरी आणि रोजगारासाठीची भटकंती हा अनुभव अमेरिकेतला आहे. ब्लूज त्या अनुभवाचं गाणं आहे. त्याला 'मालीची शाखा' म्हटलं की ज्यांनी तो घडवला त्यांचं कर्तृत्व पुसलं जातं.

म्हणून आजचं मालीचं गिटारसंगीत ही ब्लूजची आई आहे असं म्हणण्यापेक्षा त्या दोघी चुलत बहिणी आहेत असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल. पणजी एकच. एकीला साखळदंडात बांधून समुद्रापार नेलं, दुसरी गावात राहिली. दोघी वेगळ्या परिस्थितीत वाढल्या. आणि विसाव्या शतकात रेकॉर्डमुळे त्यांची पुन्हा गाठ पडली.

हे नातं शोधणं इतकं महत्त्वाचं का?

कारण गुलाम म्हणून नेलेल्या माणसांची नावं बदलली गेली, भाषा हिरावल्या गेल्या, कुटुंबं तोडली गेली. बहुतेक कृष्णवर्णीय अमेरिकी कुटुंबांना आपले पूर्वज कोणत्या गावचे होते हे कागदपत्रांतून शोधता येत नाही. अशा वेळी तार छेडण्याची पद्धत, आवाजातली लहर, ताल धरण्याची सवय हेच पुरावे उरतात.

म्हणूनच ताज महल या अमेरिकी ब्लूज कलाकाराने १९९९ मध्ये मालीचे कोरावादक तुमानी जाबाते यांच्यासोबत 'कुलांजान' अल्बम केला. तर गिटारवादक कोरी हॅरिस थेट तूरे यांना भेटायला मालीत गेले. ती भेट मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'फील लाइक गोइंग होम' या २००३ च्या माहितीपटात बघायला मिळते.

'डेझर्ट ब्लूज' काय आहे?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी एक शब्द रूढ झाला आहे, 'डेझर्ट ब्लूज' म्हणजे वाळवंटातला ब्लूज. तो मुख्यतः सहारातल्या तुआरेग या भटक्या समाजाच्या गिटारसंगीतासाठी वापरतात. 'तिनारिवेन' हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध बँड. तमाशेक भाषेत या शब्दाचा अर्थ 'वाळवंटं'.

बँडचे संस्थापक इब्राहिम अग अलहबिब चार वर्षांचे असताना, १९६३ च्या तुआरेग बंडाच्या काळात मालीच्या लष्कराने त्यांच्या वडिलांना ठार मारलं. निर्वासित म्हणून अल्जीरियात वाढताना त्यांनी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार वापरून पहिली गिटार बनवली. पुढे लिबियातल्या लष्करी छावण्यांमध्ये इतर तुआरेग तरुणांसोबत हे संगीत वाढलं आणि कॅसेटवरून वाळवंटभर पसरलं.

गंमत म्हणजे २००१ नंतर परदेश दौरे सुरू होईपर्यंत आपण अमेरिकी ब्लूज ऐकलाच नव्हता, असं या बँडचे सदस्य सांगतात. जिमी हेंड्रिक्स, बॉब मार्ली, अल्जीरियाचं राई संगीत हे त्यांच्या कानावर होतं. आपल्या संगीताला ते 'असूफ' म्हणतात. एकटेपणा, हुरहुर, दुरावलेल्या घराची ओढ असं सगळं त्या एका शब्दात येतं. इंग्रजीत 'ब्लूज' या शब्दालाही उदासीचाच अर्थ आहे. २०१२ मध्ये त्यांच्या 'तस्सिली' अल्बमला ग्रॅमी मिळालं.

म्हणजे 'डेझर्ट ब्लूज' हे नाव पाश्चात्त्य बाजाराने दिलेलं आहे. श्रोत्याला ओळखीचं वाटावं म्हणून ते सोयीचं. पण त्यामुळे अमेरिकी संगीत हे मोजमाप ठरतं आणि आफ्रिकी संगीत त्याची नक्कल वाटू लागतं. तूरे यांची तक्रार नेमकी हीच होती.

संगीतावर बंदी आली तेव्हा

तिनारिवेनला ग्रॅमी मिळालं त्याच वर्षी, २०१२ मध्ये, उत्तर मालीत तुआरेग बंड पेटलं. काही महिन्यांतच टिंबक्टू, गाओ, किदाल ही शहरं कट्टर इस्लामी सशस्त्र गटांच्या ताब्यात गेली. त्यांनी संगीतावर बंदी घातली. वाद्यं जाळली गेली, कलाकारांना धमक्या आल्या. तूरे यांचं नियाफुंकेही याच भागात आहे.

२००१ पासून वाळवंटात भरणारा 'फेस्टिव्हल ओ देझेर' हा महोत्सव जानेवारी २०१२ नंतर मालीत पुन्हा भरू शकला नाही. अनेक कलाकार बामाकोला पळून आले. तिथे काही तरुणांनी मिळून 'सोंघाय ब्लूज' हा बँड सुरू केला. त्यातल्या गिटारवादकाचे वडील तूरे यांच्या साथीला तालवाद्य वाजवत. २०१५ मध्ये त्यांचा अल्बम आला, नाव 'म्युझिक इन एक्झाइल', म्हणजे परागंदा संगीत. २०१३ मध्ये फ्रेंच आणि मालीच्या सैन्याने शहरं परत घेतली, पण हिंसाचार थांबलेला नाही.

साउथ कॅरोलायनात १७४० मध्ये मालकांनी ढोल बंद केले होते. टिंबक्टूत २०१२ मध्ये बंदूकधाऱ्यांनी गिटार बंद केली. कारणं वेगळी होती, पण संगीत लोकांना एकत्र आणतं ही भीती दोन्हीकडे दिसते.

आज काय चाललंय?

नवी पिढी थांबलेली नाही. नायजर देशाचे तुआरेग गिटारवादक म्दू मोक्तार यांनीही पहिली गिटार सायकलच्या तारा लावून घरीच बनवली होती. त्यांची सुरुवातीची गाणी मोबाइलच्या मेमरी कार्डवरून हातोहात पसरली. आज त्यांची गिटार रॉकच्या श्रोत्यांनाही वेड लावते. अली फर्का यांचा मुलगा व्हियू फर्का तूरे यांनी २०२२ मध्ये टेक्ससच्या 'क्रुआंगबिन' बँडसोबत वडिलांची गाणी 'अली' या अल्बममध्ये नव्याने सादर केली. न्गोनीवादक बासेकू कुयाते यांनी आपल्या वाद्याला इलेक्ट्रिक रूप दिलं आणि अमेरिकी ब्लूज कलाकारांसोबत वाजवलं.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

हा क्रम ठेवलात तर साम्य आणि फरक दोन्ही लक्षात येतील:

१. जॉन ली हुकर यांचं 'बूगी चिलन' (१९४८). एका कॉर्डचा ब्लूज कसा असतो हे कळेल.

२. बासेकू कुयाते यांचा 'सेगू ब्लू' (२००७). गिटारच्या आधीचं वाद्य ऐकायला मिळेल.

३. अली फर्का तूरे यांचा 'नियाफुंके' (१९९९). 'टॉकिंग टिंबक्टू'पेक्षा हा अल्बम त्यांच्या गावाच्या जास्त जवळचा आहे.

४. अली फर्का तूरे आणि तुमानी जाबाते यांचा 'इन द हार्ट ऑफ द मून' (२००५). मालीतल्याच दोन वेगळ्या परंपरांचा संवाद.

५. तिनारिवेनचा 'तस्सिली' (२०११). रात्री, हेडफोन लावून.

ऐकताना 'हे ब्लूजसारखं वाटतं' असं मनात येईल, ते साहजिक आहे. कारण आपल्या कानावर ब्लूज, आणि त्यातून आलेलं रॉक, आधी पडलेलं असतं. नियाफुंकेतल्या माणसाचं मात्र उलट होतं. त्याने हुकर ऐकला तेव्हा त्याला तो आपल्या गावासारखा वाटला.